फँटसी फुटबॉल लीगचे नियम (मित्रांमधली लीग)

फँटसी फुटबॉल लीग म्हणजे एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या मॅचेसवर चालणारा खेळ. यात प्रत्येक मित्र खरे खेळाडू निवडून स्वतःची टीम बनवतो आणि त्या खेळाडूंनी त्या आठवड्यात मैदानावर जे काही केलं त्याचे पॉइंट त्याच्या खात्यात जमा होतात. दर आठवड्याला एका मित्राची टीम दुसऱ्याच्या टीमसमोर, ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. पायाने खेळायच्या फुटबॉलचीही फँटसी असते पण तिचे नियम बरेच वेगळे आहेत, ती या नोंदीत घेतलेली नाही.

पॉइंट मोजायचं काम आता ॲप करतं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की वेगळे नियम कशाला लिहायचे. पण मित्रांमध्ये भांडण होतं ते ॲपला माहीत नसलेल्या गोष्टींवरून. पैसे कधी भरायचे, हा ट्रेड, म्हणजे दोघांमधली खेळाडूंची अदलाबदल, चालेल का, एखादा मधेच टीम वाऱ्यावर सोडून गेला तर काय, मॅच अर्धवट राहिली तर काय. म्हणून जुन्या लीगांकडे एक लेखी कागद असतो, त्याला कॉन्स्टिट्यूशन म्हणतात, म्हणजे लीगची घटनाच. तो ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडून घेण्याच्या बैठकीच्या, आधी तयार असला पाहिजे. कारण ड्राफ्टनंतर नियम केला की तो कोणाच्या तरी फायद्याचा आणि कोणाच्या तरी तोट्याचा असतोच, मग करणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो.

सुरुवात

हा खेळ १९६२ साली सुचला तो ओकलंड रेडर्स टीमचे एक भागीदार विल्फ्रेड विंकनबाख यांना, टीमच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या हॉटेलात, सोबत टीमचाच एक माणूस आणि एक पत्रकार होता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये विंकनबाख यांच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला, ८ टीम होत्या आणि पहिला निवडलेला खेळाडू होता जॉर्ज ब्लँडा. लीगचं नाव ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की नियमपत्रक पहिल्या दिवसापासून होतं, आणि त्यात लीगमध्ये कोणाला घ्यायचं हेही लिहिलेलं होतं: एएफएलच्या, म्हणजे रेडर्स तेव्हा ज्या लीगमध्ये होते तिच्या, कारभारात असलेला, किंवा फुटबॉलवर लिहिणारा पत्रकार, किंवा रेडर्सची १० सीझन तिकिटं घेतलेला वा विकून दिलेला माणूस. म्हणजे ज्याचं फुटबॉलवर खरंच लक्ष आहे असाच. पुढे १९९९ मध्ये याहूने फुकट फँटसी सुरू केली आणि वही-पेन्सिलचा हिशोब मागे पडला, पण कोणाला घ्यायचं हा प्रश्न अजून तोच आहे.

किती जण, कोण, आणि कमिशनर

टीमची संख्या सम हवी, नाहीतर दर आठवड्याला एकजण रिकामा बसतो. १० किंवा १२ जण असणं नेहमीचं. ८ जण असतील तर १४ आठवड्यांत प्रत्येकजण प्रत्येकाशी बरोबर २ वेळा खेळतो, १२ जणांत तसं होत नाही, काहींशी दोनदा काहींशी एकदाच गाठ पडते आणि त्यात नशिबाचा भाग येतो. पण जागा भरायची म्हणून इंटरेस्ट नसलेला बारावा माणूस घेऊ नका, त्यापेक्षा १० जणांची लीग कधीही चांगली.

लीग चालवतो तो कमिशनर. तो स्वतः खेळतही असतो, म्हणजे पंच आणि खेळाडू एकच, मेख इथेच आहे. म्हणून त्याला काय करता येतं आणि काय नाही हे लिहून ठेवायचं, आणि त्याच्या स्वतःच्या टीमचा प्रश्न आला की निर्णय कोण देणार त्या दुसऱ्या माणसाचं नावही आधीच ठरवायचं. चांगला कमिशनर नियम वाचून दाखवतो, मनाने बनवत नाही.

ड्राफ्ट आणि पॉइंट

ड्राफ्ट दोन प्रकारचा. स्नेक म्हणजे पहिल्या फेरीत १ ते १२ आणि दुसऱ्या फेरीत उलट १२ ते १, त्यामुळे शेवटच्याला लागोपाठ दोन खेळाडू मिळतात आणि पहिल्याला दुसऱ्यांदा थेट २४ वा. ऑक्शनमध्ये प्रत्येकाला समान खोटे पैसे, बहुतेक वेळा २०० डॉलर, आणि बोली लावायची, यात वेळ खूप जातो पण कुठलाही खेळाडू कोणालाही घेता येतो त्यामुळे जास्त न्याय्य. स्नेकचा क्रम सगळ्यांसमोर काढायचा आणि ड्राफ्टची तारीख अशी घ्यायची की सगळे हजर राहतील, शक्यतो सीझन सुरू व्हायच्या अगदी आधी, नाहीतर सराव सामन्यांत जखमी झालेला खेळाडू कोणाच्या तरी गळ्यात पडतो.

लाइनअप, म्हणजे त्या आठवड्यात ज्यांचे पॉइंट धरायचे ते खेळाडू, साधारण अशी: १ क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा), २ रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे), २ वाइड रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारे), १ टाइट एंड (पकडणारा आणि अडवणाराही), १ फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यातला कोणीही), १ किकर, १ डिफेन्स (एका टीमचा पूर्ण बचाव), बाकीचे बेंचवर. पॉइंट बहुतेक ठिकाणी पासिंगच्या, म्हणजे बॉल फेकून मिळवलेल्या, २५ यार्डांना १, पासिंग टचडाउनला (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार पोचला की टचडाउन) ४, पळून किंवा पकडून काढलेल्या १० यार्डांना १ आणि त्या टचडाउनला ६. वाद फक्त कॅचवर, प्रत्येक कॅचला १ पॉइंट, अर्धा की शून्य. हे ड्राफ्टच्या बरंच आधी सांगावं लागतं, कारण त्यावर कोणता खेळाडू किती वर जाणार हे अवलंबून असतं.

वेव्हर

सुट्या, म्हणजे कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या, खेळाडूंसाठी रांग असते, तिला वेव्हर म्हणतात. जुन्या पद्धतीत तळातल्या टीमला पहिला हक्क. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला सीझनभरासाठी खोटे १०० डॉलर मिळतात आणि बंद पाकिटातल्यासारखी बोली लावायची. दुसरी पद्धत घ्या असं मी सांगेन, कारण ज्याने आठवडाभर बातम्या वाचल्या त्याला त्याचं फळ मिळतं. बोली सारखी आली तर काय, शून्य डॉलरची बोली चालते का, एवढं लिहून ठेवलं की झालं.

ट्रेड

सगळ्यात जास्त कडवटपणा इथे येतो. बऱ्याच लीगांमध्ये बाकीच्यांनी मत देऊन ट्रेड रद्द करायची सोय असते, तिला व्हीटो म्हणतात, आणि होतं असं की समोरची टीम मजबूत होतेय म्हणून लोक विरोधात मत देतात, ट्रेडमध्ये खोट असते म्हणून नाही. दोन माणसांनी स्वतःच्या बुद्धीने केलेला सौदा तिसऱ्याला चुकीचा वाटला म्हणून मोडायचा, हे मित्रांमध्ये चालू देऊ नये. वाईट सौदा करायचाही प्रत्येकाला हक्क आहे. रद्द करायचा तो फक्त संगनमत असेल तर. संगनमत म्हणजे काय तेही स्पष्ट लिहायचं: बाहेर पडलेल्या टीमने आपले चांगले खेळाडू दोस्ताला देऊन टाकणं, एका आठवड्यापुरता खेळाडू उसना देऊन परत घेणं, खेळाडूच्या बदल्यात खरे पैसे किंवा बक्षिसात वाटा. आणि ट्रेडची शेवटची तारीख प्लेऑफच्या, म्हणजे वरच्या टीमांच्या शेवटच्या बाद फेरीच्या, आधी दोन-तीन आठवडे ठेवायची, म्हणजे हरलेल्या टीमांच्या हातात कोणाला जिंकवायचं हे राहत नाही.

हरल्यावरही खेळायचं

ऑक्टोबर संपेपर्यंत दोन-तीन टीम मागे पडतात आणि त्यांचे मालक लाइनअप लावायचं सोडतात, बाय वीकवाला, म्हणजे त्या आठवड्यात मॅचच नसलेला खेळाडू तसाच टीममध्ये राहतो. मग त्यांच्याशी शेवटी ज्याची गाठ पडते त्याला फुकटचा विजय आणि सुरुवातीला ज्याची पडली त्याच्यावर अन्याय. यावर उपाय म्हणजे दर आठवड्याला पूर्ण लाइनअप सक्तीची करणं, दोनदा चुकलं तर पुढच्या वर्षी जागा नाही. काही लीग शेवटच्या नंबरला काहीतरी शिक्षा ठेवतात, त्याने लोक जागे राहतात हे खरं, पण ती शिक्षा सगळ्यांनी आधी मान्य केलेली हवी आणि कोणाचा अपमान होईल अशी नको.

प्लेऑफ, आणि मॅच थांबली तर

२०२१ पासून एनएफएलमध्ये प्रत्येक टीमच्या १७ मॅच १८ आठवड्यांत होतात. म्हणून फँटसीचे प्लेऑफ १५ ते १७ या आठवड्यांत घेतात आणि अठरावा आठवडा सोडून देतात, कारण तेव्हा जागा पक्की झालेल्या टीम आपल्या मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात. दोन टीमचे विजय सारखे झाले तर एकूण पॉइंट बघावेत, आपापसातला निकाल नाही, कारण पॉइंट खेळाडूंनी कमावलेले असतात आणि समोर कोण आला ते वेळापत्रक ठरवतं.

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बिल्स आणि बेंगल्सची मॅच चालू होती, सतरावा आठवडा, म्हणजे असंख्य लीगांची फायनल, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये टॅकलनंतर बिल्सचा खेळाडू डमार हॅमलिनचं हृदय बंद पडलं. त्याच्यावर मैदानातच उपचार झाले, तो वाचला आणि पुढे खेळायलाही लागला. त्या रात्री पॉइंटचा विचार कोणी करायला नको होता, पण मॅच रद्द झाल्यावर लीगांना काहीतरी ठरवणं भाग होतं आणि बहुतेकांच्या कागदात त्याबद्दल एक ओळ नव्हती. कोणी दोघांना विजेता केलं, कोणी बक्षीस वाटून घेतलं, कोणी त्या खेळाडूंचे अठराव्या आठवड्याचे पॉइंट धरले. तिन्ही मार्ग बरोबर आहेत, फक्त यातला कोणता ते सप्टेंबरमध्ये ठरलेलं हवं, जेव्हा कोणालाच माहीत नसतं की त्याचा फायदा कोणाला होणार.

पैसे

पैसे लावणार असाल तर ड्राफ्टच्या आधी सगळ्यांचे जमा, न भरणाऱ्याने ड्राफ्टला बसायचं नाही. कितव्या नंबरला किती तेही तेव्हाच जाहीर. अमेरिकेच्या २००६ च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्यात फँटसीला जी सूट आहे तिच्यातही बक्षीस आधीच ठरलेलं आणि कळवलेलं असावं अशी अट आहे, शिवाय राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत ते बघावे लागतात.

नियम बदलणं

सीझन चालू असताना नियमाला हात लावायचा नाही, अगदी सगळ्यांना पटलेला बदल असला तरी. खटकलेली गोष्ट लिहून ठेवायची, सुपरबोल, म्हणजे एनएफएलची फायनल, झाला की फेब्रुवारीत सगळ्यांनी बसून मत द्यायचं, दोन तृतीयांश मतं पडली तर पुढच्या सीझनपासून लागू. पुढच्या वर्षासाठी काही खेळाडू राखून ठेवायची पद्धत असेल, तिला कीपर म्हणतात, तर तो बदल आणखी एक वर्ष पुढे ढकलावा, कारण लोकांनी जुन्या नियमावर विसंबून खेळाडू राखलेले असतात.