मुंबईच्या घरातला कोळी : भीती आली कुठून?

पावसाळ्यात सकाळी उठावं आणि मानेवर किंवा दंडावर लांबट लाल पट्टा दिसावा, त्यावर बारीक पुळ्या आणि भाजल्यासारखी आग. मुंबईतल्या मराठी घरात याचं निदान डॉक्टरकडे जायच्या आधीच झालेलं असतं. "कोळी मुतला असेल," असं घरातलं मोठं माणूस सांगतं. मग गादी झाडली जाते, उशा उन्हात टाकायच्या तर ऊन नसतं, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवर दिसेल तो कोळी चपलेखाली जातो. मीही लहानपणी असे कोळी मारले आहेत. त्या चपलेमागे केवढा इतिहास आहे हे मला फार उशिरा कळलं, म्हणून ही टिपण.

"कोळी मुतला" हा समज चाळीत जन्मलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांचा विचार करणाऱ्या भागात, आठव्या अध्यायात कोळ्याला 'लूता' म्हटलं आहे. त्यामागे एक कथा दिली आहे. विश्वामित्राने वसिष्ठांची कामधेनू न्यायचा प्रयत्न केला, वसिष्ठ संतापले, त्यांच्या कपाळावरून घामाचे थेंब गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडले आणि त्यातून हे जीव निर्माण झाले. कापलेलं, म्हणजे 'लून' गवत, म्हणून नाव लूता. त्यांचे १६ प्रकार सांगितले आहेत. आठांचं विष कष्टाने बरं होणारं, आठांचं असाध्य. आपल्या विषयासाठी महत्त्वाचा भाग पुढे येतो. लूता सात मार्गांनी विष सोडते, असं तिथे म्हटलं आहे: लाळ, नखं, मूत्र, दाढा, रज, विष्ठा आणि शुक्र. या यादीतलं मूत्र पुढच्या कित्येक शतकांत बाकी सगळ्यांना मागे टाकून घराघरात टिकलं. सुश्रुताच्या काळी लूता या एका नावाखाली कोळ्याखेरीज आणखी बरेच किडे मोजले जात असावेत, असं ती फोडांची वर्णनं वाचताना मला वाटतं.

कारण तो पट्टा कोळ्याचा नसतोच. बहुतेक वेळा तो पेडेरस जातीच्या भुंगेऱ्याचा असतो. हा सेंटिमीटरभरही लांब नसलेला, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा सडपातळ किडा पावसाळ्यात रात्रीच्या दिव्यांकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून झोपेत आपण हात फिरवतो, तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य हाताच्या दिशेने कातडीवर पसरतं. म्हणून डाग फटका मारल्यासारखा लांब उठतो. कोपराच्या घडीत लागलं तर घडी मिटताना समोरच्या कातडीवर त्याची जुळी खूण उमटते. त्रास लगेच होत नाही, साधारण दिवसा-दोन दिवसांनी दिसतो. तोवर तो किडा केरात गेलेला असतो, आणि भिंतीवर उरतो कोळी. दिसतो तो गुन्हेगार ठरतो. काही जण आता याला 'ॲसिड माशी' म्हणू लागले आहेत, तेवढा तरी फरक पडला. बिचाऱ्या कोळ्याला तर पातळ लघवी होतच नाही. त्याच्या शरीरातून बाहेर पडतो तो मुख्यतः ग्वानिन नावाचा पदार्थ, आणि त्याने कातडी भाजत नाही.

या गैरसमजाची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. कमरेभोवती किंवा छातीवर, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड येतात ती नागीण. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दबून असतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. त्यावरची विषाणुरोधक औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर सगळ्यात उपयोगी पडतात. तेच तीन दिवस "कोळी फिरला असेल, गेरू लावा" यात निघून गेलेले मी जवळच्या माणसांत पाहिले आहेत. नंतर महिनोन् महिने राहणारी ठणक पाहणं सोपं नसतं.

एवढं सगळं असूनही मराठी मनात कोळी फक्त विषारी किडा म्हणून कधीच नव्हता. दत्तसंप्रदायात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, अजगर, मधमाशी यांच्या पंगतीत ऊर्णनाभी, म्हणजे कोळीही आहे. कोळी तोंडातून तंतू काढतो, त्याच्याशी खेळतो आणि पुन्हा गिळून टाकतो, तसाच ईश्वर विश्व पसरतो आणि आवरतो. मुंडकोपनिषदातही हीच उपमा आहे: 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च'. एकनाथांनी त्या स्कंधावर मराठी ओव्यांत टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली, आणि तिच्यासोबत हा आठ पायांचा गुरू मराठीत आला. तंतू तोंडातून निघतो हे खरं नाही, तो पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून येतो. पण गिळण्याचं निरीक्षण अचूक आहे. चक्राकार जाळं विणणारे कितीतरी कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि तीच प्रथिनं नव्या धाग्याला वापरतात. कोणीतरी अंगणात बसून ते बारकाईने पाहिलं असणार.

कोकणात कोळ्याला कातीण म्हणतात. कातणारी. माझी आजी सिंधुदुर्गातून परळला आली तेव्हा हा शब्द सोबत घेऊन आली. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या पहिल्या कापूसगिरणीची उभारणी हाती घेतल्यापासून या शहरात किती कोकणी हातांनी सूत कातलं असेल! त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात बसलेली ती कातीण त्यांना परकी वाटली नसावी. मुंबईच्या पोराला तर 'कोळी' हा शब्द आधी भेटतो तो वरळी-वेसावच्या, माहीमच्या माणसांचं नाव म्हणून, आणि नंतर किड्याचं नाव म्हणून. जाळं दोघांचंही.

आमच्या खोलीत कोळी मारायला आजीची मनाई होती, पण जळमट दिसलं की तिचा जीव वर-खाली व्हायचा. हा फरक फार जुना आहे आणि तो समजून घ्यायला हवा. दसऱ्याच्या आणि दिवाळीच्या आधी घर झाडायचं ते जाळ्या-जळमटांसाठी. लांब काठीला फडकं किंवा जुना कुंचा बांधायचा, डोक्याला पदर गुंडाळायचा आणि माळ्यापासून सुरुवात करायची. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, तीच लक्ष्मी. तिने बाहेर जाते ती अलक्ष्मी. जळमट हे अलक्ष्मीचं लक्षण, घरात राबता नसल्याची खूण. डोक्यातल्या जुनाट विचारांनाही आपण जळमटंच म्हणतो.

जळमट म्हणजे नेमकं काय? मुंबईच्या खोल्यांत छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, केसासारख्या लांब पायांचा फिकट कोळी सगळ्यांनी पाहिलेला असतो. धक्का लागला की तो जाळ्यासकट इतका थरथरतो की दिसेनासा होतो. त्यातली आपल्याकडची एक जात क्रॉसोप्रिझा लायोनी. तिचं शास्त्रीय वर्णन १८६७ साली झालं, तेही भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून बसते. तिचं ताजं जाळं डोळ्यांना जवळपास दिसत नाही. ती जागा बदलते, जुना धागा तिथेच राहतो, त्यावर धूळ आणि चुलीची काजळी बसते, आणि मग ते जळमट होतं. म्हणजे जळमट काढताना बहुतेक वेळा आपण रिकामं घर पाडत असतो. त्यात मेलेले डास आणि चिलटं अडकलेली दिसतात, हा तिच्या कामाचा हिशेब.

भिंत साफ करण्याची सक्ती सरकारकडूनही झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्यानंतर घरोघर चुना फासणं, उजेड यावा म्हणून कौलं उतरवणं, सामान बाहेर काढणं सुरू झालं. लोकांना त्याची दहशत बसली. तरी प्लेगची जी आठवण मराठी घरांत उरली तिच्यात उंदीर आहे, कोळी नाही. युरोपात वेगळं झालं, असं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहॅम डेव्ही यांनी १९९४ मध्ये मांडलं. त्यांच्या मते मध्ययुगापासून तिथे साथीच्या रोगांचा, अन्न-पाणी नासण्याचा दोष कोळ्यावर आला आणि त्याच्याबद्दलच्या भीतीत किळस मिसळली. पुढे १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या लोकांना प्राण्यांच्या भीतीबद्दल विचारलं. किळसवाण्या म्हणून गणल्या जाणाऱ्या प्राण्यांची भीती भारतातल्या लोकांमध्ये सातत्याने कमी निघाली, जपानी लोकांमध्ये जास्त. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण आजीची मनाई आठवली की मला तो निष्कर्ष ओळखीचा वाटतो.

दचकणं मात्र शिकावं लागत नाही, असं दिसतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि सापांची चित्रं दाखवली. फुलं आणि मासे पाहताना होत नव्हत्या एवढ्या त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या. दचकून सावध होणं आणि किंचाळणं यांच्यात अंतर असतं, आणि ते अंतर घर भरून काढतं.

आमची घरंही बदलली. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. त्यात चुन्यात नीळ घातलेली भिंत, लाकडी माळा, पत्र्याच्या ट्रंका, देवादिकांचं कॅलेंडर. त्या कॅलेंडरमागे पाय पसरले की तळहाताएवढा दिसणारा चपटा तपकिरी कोळी राहायचा. तो जाळं विणत नाही, रात्री झुरळांच्या मागे पळतो. हेटेरोपोडा व्हेनेटोरिया हे त्याचं नाव, त्यातलं 'व्हेनेटोरिया' स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसने १७६७ साली दिलं. जगभरातल्या उष्ण बंदरांमध्ये तो जहाजांच्या मालातून पसरला आहे. मादी पोटाखाली पांढरी चपटी चकती घेऊन हिंडते. ती अंड्यांची पिशवी, आणि शंभरावर पिल्लं बाहेर येईपर्यंत ती ओझं खाली ठेवत नाही. पकडला तर चावतो, दुखतं, पण त्यापलीकडे धोका नाही. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या चाव्याने स्नायूंत गोळे येतात. पण ते दहाव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात येत नाहीत.

तोच कोळी आता गुळगुळीत पांढऱ्या प्लास्टिक पेंटवर, एलईडीच्या झगझगीत उजेडात दिसतो. चाळीत तो सामानाच्या गर्दीतला एक होता, इथे भिंतीवर तो एकटाच. शेजारचं दार बंद असतं, त्यामुळे "अहो, जरा याला बाहेर घालवा हो" म्हणायला कोणी नसतं. हातात कीटकनाशकाच्या फवाऱ्याचा डबा असतो. फवाऱ्याची सवय आधीच लागली होती: पितळी-पत्र्याच्या पंपातून 'फ्लिट मारणं' जुन्या पिढीला माहीत आहे, १९५३ पासून मलेरिया नियंत्रणात भिंतींवर डीडीटी आलं, आणि आता सोसायटीचं वार्षिक पेस्ट कंट्रोल. फवाऱ्याने कोळी तितकासा मरत नाही, कारण भिंतीला त्याच्या पायांची फक्त टोकं टेकतात आणि जाळ्यात राहणारा तर तेवढाही टेकत नाही. त्याचं खाणं मरतं, आणि उपाशी कोळी दिवसाउजेडी बाहेर पडलेला आपल्याला दिसतो.

मुंबईत कोळ्यांकडे प्रेमाने पाहणारी माणसंही आधीपासून होती. १८८३ साली इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली आणि तिच्या नियतकालिकात भारतीय कोळ्यांवरचे लेख येऊ लागले. १९०० मध्ये आर. आय. पोकॉक यांनी ब्रिटिश भारतातल्या कोळी-विंचवांचा पहिला मोठा खंड लिहिला, तो लंडनच्या संग्रहालयातल्या बाटल्यांवरून. आता ते काम इथली तरुण मुलं आरेच्या झाडांवर, कल्याणच्या कुंपणांवर करतात. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचं वर्णन झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव संशोधकांनी तिला दिलं: इसियस तुकारामी. काही मिलिमीटरचं शरीर, समोर दोन मोठे डोळे, बाजूंना आणखी सहा. याच कुळातले त्याचे भाऊबंद आपल्या खिडकीच्या चौकटीवर दुपारच्या उन्हात माशीवर दबा धरून बसलेले असतात. बोट जवळ नेलं तर ते पळत नाहीत, वळून आपल्याकडे बघतात.