तुमच्या डिस्कमधलं आम्ही काय बघतो

डिस्क तपासायला देताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आमचं सगळं वाचणार का तुम्ही?" नाही. तेवढा वेळ नाही आणि, खरं सांगायचं तर, तुमच्या लग्नाच्या फोटोंत आम्हाला रसही नाही.

साध्या विंडोज कॉम्प्युटरवर लाखाच्या घरात फायली असतात. बहुतेक तुमच्या नसतातच. विंडोजच्या, प्रिंटरच्या असतात. त्या आधी बाजूला काढायच्या. नावावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक फाइलचा हॅश काढतो. म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरावर गणित करून निघालेली खूण. एसएचए-२५६ पद्धतीने ती ६४ अक्षरांचीच येते, फाइल दोन ओळींची असो की दोन जीबीची. 'हिशोब' फाइलला 'गणपतीचे फोटो' नाव दिलंत तरी हॅश तोच. आतला एक स्वल्पविराम खोडलात की अख्खा हॅश वेगळा.

हे हॅश अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या यादीशी ताडतो. ही संस्था सॉफ्टवेअर गोळा करून त्यातल्या फायलींचे हॅश काढते आणि यादी फुकट देते. हॅश जुळला की फाइल ओळखीची.

पण ओळखीची म्हणजे सज्जन नव्हे! त्या यादीत हॅकिंगची साधनंही आहेत. उलट भोसरीच्या कारखान्यासाठी कुणी घरी बसून लिहून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर यादीत सापडणार नाही. पण तेवढ्यावरून ते व्हायरस ठरत नाही. असा निवाडा माणसालाच करावा लागतो, आणि बिल त्याचंच असतं.

एमडी५ या जुन्या पद्धतीचा ३२ अक्षरी हॅश काहीजण अजून आणतात. कॉपी करताना फाइल बिघडली का, हे त्यावरून कळतं. लबाडीपुढे मात्र त्याचा उपयोग नाही : दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ २००४ मध्ये काढून दाखवला गेला. एसएचए-१ या आणखी एका जुन्या पद्धतीची तीच गत २०१७ मध्ये झाली, दोन वेगळ्या पीडीएफ घेऊन.

प्रकरण शिवाजीनगर कोर्टात जाणार असेल, तर कॉम्प्युटर सुरूही करू नका. घरचा भाचा "जरा बघतो" म्हणाला तरी नाही. नुसता सुरू केला तरी विंडोज आत कितीतरी नोंदी बदलतं, आणि डिस्कचा हॅश बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश आणि तो काढण्याची पद्धत, दोन्ही लिहावं लागतं. म्हणून डिस्क घेताना हॅश तुमच्यासमोर काढून पावतीवर लिहून देतो. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. सकाळी लवकर या. दुपारी १ ते ४ दुकान बंद.