नोटा मोजणाऱ्या मशिनचा टॅरिफ कोड: माल मागवण्याआधी वर्गीकरण कसं ठरवून घ्यायचं

परदेशी पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर ‘करन्सी मशीन’ एवढंच लिहिलेलं असतं आणि शेजारी त्यानेच टाकलेला एक एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). तो जसाच्या तसा बिल ऑफ एंट्रीत (आयातीच्या सीमाशुल्क घोषणापत्रात) उतरवायचा, ही सवय महागात पडते. २०११ पासून सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १७ खाली शुल्काची आकारणी आयातदाराने स्वतःच करायची असते. कोड चुकला तर ‘पुरवठादाराने दिला होता’ हे उत्तर चालत नाही.

वर्गीकरण मशिनच्या नावावरून होत नाही, ते काय काम करतं यावरून होतं. रोकड हाताळणारी बहुतेक यंत्रं ८४७२ या हेडिंगखाली (टॅरिफमधला चार अंकी गट), म्हणजे ‘इतर कार्यालयीन यंत्रं’ यात बसतात. पेन्सिलीला टोक काढणारं यंत्र आणि स्टेपलरही याच हेडिंगमध्ये आहेत, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. पण नाणी वेगळी करणारी, मोजणारी, गुंडाळणारी यंत्रं आणि नोटा देणारी स्वयंचलित यंत्रं यांचा उल्लेख हेडिंगच्या मजकुरातच आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये नोटा मोजणारी यंत्रं आणि एटीएमही इथेच धरली आहेत. सहा अंकी उपशीर्षक ८४७२.९०.

खरी गुंतागुंत कडेला उभ्या असलेल्या यंत्रांची. नाणी वजन करून मोजणारं मशीन ८४७२ मध्ये येत नाही, ते वजनकाट्यांच्या ८४२३ किंवा ९०१६ मध्ये जातं. नोट घातली की सुटे पैसे देणारं मशीन व्हेंडिंग मशीनसोबत ८४७६ मध्ये. दुकानातलं कॅश रजिस्टर ८४७०.५० मध्ये. नोटा मोजता मोजता बनावट नोट बाजूला काढणारं मशीन असेल, तर टॅरिफच्या सोळाव्या विभागाची (यंत्रसामग्री) टीप ३ लागते: अनेक कामं करणाऱ्या यंत्राचं मुख्य काम बघायचं. तिथे मोजणी हेच मुख्य काम असल्याचं सहसा दाखवता येतं. पण मोजणी अजिबात न करणारा, फक्त नोट खरी की खोटी ते सांगणारा डिटेक्टर असेल, तर तपासणी उपकरणांच्या ९०३१ चा विचार करावा लागतो. माझ्या मते वाद सर्वांत जास्त याच यंत्रावरून होऊ शकतो.

मशिनच्या आत संगणक आहे म्हणून त्याला ८४७१ या संगणकांच्या हेडिंगमध्ये ढकलायचा मोह आवरा. डेटा प्रोसेसिंगखेरीज ठरावीक काम करणारं यंत्र त्या कामाच्या हेडिंगमध्ये जातं, असं प्रकरण ८४ च्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. सुटे भाग मागवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: फक्त ८४७२ च्या यंत्रांसाठी बनवलेले भाग ८४७३.४० मध्ये जातात, पण मोटर (८५०१) किंवा बेअरिंग (८४८२) आपापल्या हेडिंगमध्येच राहते, ती कुठल्याही मशिनात बसणार असली तरी.

एवढी काथ्याकूट कशासाठी? शुल्कासाठी. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात (आयटी उत्पादनांवरचं सीमाशुल्क काढून टाकणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार) सामील झाला. त्या करारात ८४७२.९० पैकी एटीएम आहेत, त्या उपशीर्षकातलं प्रत्येक यंत्र नाही. त्यामुळे साध्या काउंटिंग मशिनला एटीएमसाठीची सवलत लावली, तर फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागते. ताजा दर आणि सूट-अधिसूचना बघूनच हिशेब करा.

शंका असेल तर अग्रिम निर्णय (माल आयात करण्याआधीच वर्गीकरणाबद्दल घेतलेला निर्णय), म्हणजे अ‍ॅडव्हान्स रूलिंग, घेणं उत्तम. त्यासाठीचं सीमाशुल्क प्राधिकरण मुंबई आणि नवी दिल्ली इथे आहे. वैध आयईसी (आयात-निर्यातदार कोड) असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. भारतात माल पाठवणारा परदेशी निर्यातदारही पात्र आहे. अर्ज सीएएआर-१ या नमुन्यात करायचा, प्रत्येक प्रश्नामागे १०,००० रुपये शुल्क. एक अट मात्र नीट वाचा: तोच प्रश्न तुमच्याच प्रकरणात सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात प्रलंबित असेल, तर अर्ज स्वीकारला जात नाही. म्हणजे माल बंदरात अडकल्यावर या दाराशी धावून उपयोग नाही.

अर्जासोबत आयईसी, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस किंवा खरेदी करार, उत्पादकाचा कॅटलॉग, शक्य असेल तर मशीन चालतानाचे फोटो, आणि तुमच्या मते कोणता कोड लागतो त्याची कारणमीमांसा जोडा. सगळ्यात जास्त वेळ टेक्निकल राइट-अपवर घाला. नोट आत कुठून जाते, सेन्सर काय वाचतो (आकार, शाई, चुंबकीय खूण), मिनिटाला किती नोटा मोजल्या जातात, नाकारलेली नोट कुठे पडते, वजनाचा संबंध आहे का, ग्राहक स्वतः मशीन चालवतो की बँकेचा कर्मचारी, हे साध्या वाक्यांत लिहा. ‘अत्याधुनिक’, ‘बहुउद्देशीय’ असली जाहिरातीची भाषा काढून टाका. ‘बहुउद्देशीय’ या एका शब्दावरून मुख्य काम कोणतं हा प्रश्न उगाच उभा राहतो.

निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो अर्जदारावर आणि संबंधित आयुक्तावर बंधनकारक असतो आणि कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत टिकतो, मध्येच कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर. वस्तुस्थिती लपवून मिळवलेला निर्णय रद्द होतो. पटला नाही तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. दुसऱ्याला मिळालेला निर्णय तुमच्यावर किंवा खात्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

माल येऊन ठेपला असेल आणि कोडवर एकमत होत नसेल, तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागा. बाँड आणि हमी देऊन माल सुटतो, अंतिम हिशेब नंतर होतो. अधिकाऱ्याने तुमचा कोड बदलला आणि तुम्ही तो लेखी मान्य केला नसेल, तर कलम १७(५) प्रमाणे १५ दिवसांत कारणांसह आदेश मिळायला हवा. तो मागून घ्या, कारण आयुक्त (अपील) यांच्याकडे जायची ६० दिवसांची मुदत तो आदेश हाती पडल्यापासून मोजली जाते. जास्तीचं शुल्क भरून नंतर थेट परतावा मागू, असं ठरवू नका. आकारणीच्या आदेशाला, मग ती स्वतः केलेली का असेना, आव्हान देऊन तो बदलून घेतल्याशिवाय परतावा मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सांगितलं आहे. उलट बाजूने, कमी भरलेलं शुल्क खातं साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मागू शकतं, आणि हेतुपुरस्सर माहिती लपवल्याचं दिसलं तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून राइट-अप आणि कॅटलॉगची फाइल निदान तेवढा काळ जपून ठेवा.