प्राण्यावर क्रूरता: पन्नास रुपयांच्या दंडावर प्रकरण मिटू नये म्हणून तक्रार अर्ज कसा द्यावा

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. मुक्या जिवाचा पाय तोडणारा एवढ्यावर सुटतो, हे संतापजनक आहे. पण प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा कायमचे जायबंदी करणे यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू आहे: ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट एफआयआर नोंदवायचा असतो, त्यामुळे नुसत्या एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) समाधान मानू नका. अर्जात दोन्ही कलमे लिहा.

तक्रार कोणीही देऊ शकतो. प्राणी पाळीव असो वा रस्त्यावरचा, संस्थेचे पत्र लागत नाही, फीही नाही.

अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, दोन प्रतींत. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्याच. ‘कुत्र्याला खूप मारले’ हे मोघम वाक्य अर्ज कमकुवत करते. ‘लोखंडी सळईने मागच्या डाव्या पायावर घाव घातला, हाड मोडले’ असे लिहा. वेळ, जागा, साक्षीदार आणि गाडी असेल तर तिचा नंबरही द्या. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला जोडा. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, आणि अवयव कायमचा निकामी झाला का हे स्पष्ट हवे. कलम ३२५ बहुतेकदा याच ओळीवर टिकते.

विषप्रयोगाचा संशय असेल तर मृतदेह पालिकेच्या गाडीत देण्याची घाई करू नका. आधी पंचनामा, मग पोलिसांचे पत्र घेऊन शवविच्छेदन. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) मुंबईतील कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी लेखी करा. तोवर मृतदेह बर्फावर ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नको. गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते.

सोसायटीच्या सीसीटीव्हीवर जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून फिरवला तरी मूळ फाइल मोबाइलमध्ये राहू द्या. न्यायालयात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

पोलिसांनी हद्दीचे कारण सांगितले तर झिरो एफआयआर (हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा) मागा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकारच आला तर तोच अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मात्र १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून ३ महिन्यांत दाखल व्हावा लागतो, म्हणून पोस्टाची पावती हातात आल्या दिवसापासून पाठपुरावा सुरू करा.