सुलेखनी फॉन्ट (औपचारिक)

टोकदार, लवचीक निबेच्या टाकाने लिहिलेले रोमन हस्ताक्षर छपाईत उतरवणारा फॉन्टचा प्रकार. यातली अक्षरे उजवीकडे बरीच कललेली असतात, लहान अक्षरे एकमेकांत गुंतत जातात आणि मोठ्या अक्षरांना लांब फरकाटे असतात. निमंत्रणपत्रे, पदव्या, मानपत्रे, उंची वस्तूंची वेष्टने ही त्याची नेहमीची जागा.

टाक खाली ओढताना दाब दिला की निबेची दोन टोके फाकतात आणि रेघ जाड उमटते. वर नेताना दाब सुटला की ती केसासारखी बारीक होते. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सुलेखन-शिक्षकांनी हे वळण घोटून पक्के केले. त्यांचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात, म्हणून त्याला ‘कॉपरप्लेट’ म्हणतात. जॉर्ज बिकमने कोरलेला ‘द युनिव्हर्सल पेनमन’ (१७३३–४१) हा त्यांतला सर्वांत गाजलेला संग्रह. कोरणी टाकापेक्षाही बारीक रेघ काढू शके. त्यामुळे हस्ताक्षर म्हणून ज्याची वाहवा होते, त्यात कोरणाऱ्याचा वाटा लिहिणाऱ्याइतकाच आहे.

खरी अडचण शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या एकेका अक्षराच्या ठोकळ्यांनी, आणली. खिळा चौकोनी आणि सुटा. हस्ताक्षर मात्र तिरपे आणि सलग. कललेल्या अक्षराचे टोक खिळ्याबाहेर काढले तर ते छापताना तुटे, आत ठेवले तर शेजारच्या अक्षराशी सांधा जुळेना. पॅरिसच्या फर्मां दिदो याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खिळाच तिरपा ओतला. युक्ती नामी, पण खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे काम वाढवणारी.

फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे अक्षरे प्रकाशाने फिल्मवर उमटवण्याच्या पद्धतीत, खिळाच उरला नाही आणि अक्षरे हवी तितकी जवळ आणता येऊ लागली. मॅथ्यू कार्टरचा ‘स्नेल राउंडहँड’ (१९६५) याच सोयीवर उभा आहे. त्याचा आधार सतराव्या शतकातील चार्ल्स स्नेलचे वळण. संगणकावर त्यापुढची मजल मारता आली. हाताने लिहिताना तेच अक्षर दोनदा हुबेहूब येत नाही, म्हणून एका अक्षराची अनेक रूपे फॉन्टमध्ये ठेवायची. हेर्मान त्साप्फचा ‘झापफिनो’ (१९९८) याचे उत्तम उदाहरण. मात्र तो कॉपरप्लेटचा वंशज नव्हे, त्साप्फच्या स्वतःच्या सुलेखनातून आलेला आहे. रिचर्ड लिप्टनच्या ‘बिकम स्क्रिप्ट’मध्ये, ओपनटाइप (फॉन्ट-फाइलचा एक प्रकार) आवृत्तीत, शेजारचे अक्षर पाहून योग्य रूप आपोआप बसते.

असा फॉन्ट मोजक्या शब्दांसाठीच शोभतो. परिच्छेदभर वापरला की वाचणारा थकतो. लहान आकारात बारीक रेघा गळतात, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली तर त्या शाईने बुजतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की सांधे उघडे पडतात. सर्वांत वाईट म्हणजे अख्खा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिणे: ती शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात, ओळीने आली की फरकाटे एकमेकांत अडकतात आणि नावसुद्धा वाचता येत नाही.