मानमोडीची लस आणि ‘वाहक’ शब्दाचा घोळ

मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगावर पिल्लाला लासोटा लसीचा थेंब आणि मोठ्या पक्ष्याला आरटूबी लस, हे सांगलीच्या विटा-खानापूर पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको. चाळीसच्या दशकात उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला तयार झालेली आरटूबी अजून चालते, यावरूनच तिची कुवत कळावी.

नव्या लसीची वाट वेगळी. १९७०च्या सुमारास टर्कीतला एक हर्पीस विषाणू (एचव्हीटी) मरेक्स या कोंबड्यांना लकवा व गाठी आणणाऱ्या रोगावर लस म्हणून वापरात आला. कोंबडीला तो आजारी पाडत नाही, पण एकदा शिरला की आयुष्यभर मुक्कामाला असतो. नव्वदच्या दशकात अशा मवाळ विषाणूंत दुसऱ्या रोगाचे जनुक बसवणे सुरू झाले. आधी कोंबड्यांच्या देवी रोगाच्या लसीतल्या विषाणूत, पुढे एचव्हीटीत. मानमोडीसाठी ‘एफ’ जनुक, गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगासाठी ‘व्हीपी-२’.

घोळ इथे सुरू झाला. दुसऱ्याचे जनुक वाहून नेणाऱ्या अशा विषाणूला इंग्रजीत ‘व्हेक्टर’ म्हणतात, त्याचे मराठीत ‘वाहक’ केले गेले. शेडवर वाहक म्हणजे रोग घेऊन फिरणारा: कावळा, उंदीर, न धुता परत आलेले अंड्यांचे ट्रे. मग ‘वाहक लस’ ऐकून माणूस दचकणारच. प्रत्यक्षात या लसीत मानमोडीचा अख्खा विषाणू नसतोच, एका प्रथिनाचा आराखडा तेवढा असतो. त्यातून मानमोडी होऊ शकत नाही. उलट गंबोरोची तिखट जिवंत लस पिल्लाच्या बर्साला, म्हणजे प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या अवयवाला, इजा करू शकते, आणि ती आपण पाण्यातून बिनघोर पाजत आलो.

त्यात ‘जीएम’ (जनुक बदललेले) या शब्दाची भर. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांत जनुक बदललेले सूक्ष्मजीवही येतात, म्हणून लसीला बीटी कापसासारखीच परवानगीची पायरी चढावी लागते. कोंबडीच्या जनुकांत काही बदलत नाही, अंड्याच्याही नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही: बदललेला विषाणू पक्ष्याच्या अंगात राहतोच. माझ्या मते तोच लसीचा फायदाही आहे, कारण संरक्षण दीर्घकाळ टिकते.

आता निर्णय शेडवरून हॅचरीत सरकला आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेली लस पहिल्याच दिवशी मानेत किंवा उबवणीच्या १८व्या दिवसाच्या आसपास थेट अंड्यात टोचली जाते. कडेगावच्या शेडवर उतरणाऱ्या पिल्लाला काय टोचले आहे, हे विचारूनच घ्यावे लागते. एचव्हीटीवरच्या दोन वेगळ्या लसी एकमेकींच्या आड येतात, म्हणून पुढे दोन रोगांची जनुके एकाच विषाणूत बसवण्यात आली. प्रतिकारशक्ती पुरती यायला तीन-चार आठवडे जातात. तोवर लासोटाचा थेंब चुकवून चालत नाही.