ब्रिटिश राजघराण्याचा नाताळ

ब्रिटिश राजघराण्याचा नाताळ : इंग्लंडचे, आणि पुढे ब्रिटनचे, राजे-राण्या २५ डिसेंबरचा सण ज्या रीतींनी साजरा करत आले त्या रीती. सजवलेले झाड, आदल्या संध्याकाळी उघडायच्या भेटी आणि दुपारी तीनचे राजाचे भाषण या आज सर्वांत परिचित आहेत. त्या पुरातन वाटतात खऱ्या, पण त्यांपैकी एकही मध्ययुगातली नाही.

मध्ययुगात नाताळ हा राजाने मुकुट घालून सरदारांपुढे बसायचा, म्हणजे राज्यकारभाराचा दिवस होता. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या पहिल्या विल्यमने १०६६ साली राज्याभिषेकासाठी नाताळचाच दिवस निवडला. वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेला जयघोष बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दंगा वाटला आणि त्यांनी आसपासची घरे पेटवून दिली. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला भरलेल्या दरबारातच त्याने साऱ्या इंग्लंडच्या जमिनीची व मालमत्तेची पाहणी करण्याचा हुकूम काढला. ‘डूम्सडे बुक’ हे त्याचेच दप्तर.

ट्यूडर घराण्याच्या काळात (१४८५–१६०३) भेटी दिल्या जात त्या १ जानेवारीला, आणि कोणी काय दिले याची रीतसर नोंद ठेवली जाई. भेट स्वीकारणे हे मर्जीचे लक्षण असे. १५३२ च्या नववर्षदिनी आठव्या हेन्रीने जिच्याशी लग्न करायचे होते त्या ॲन बोलिनची भेट स्वीकारली आणि आपली राणी कॅथरीन हिने पाठवलेला सोन्याचा पेला परत केला. दरबाराने त्यातून काय ओळखायचे ते ओळखले. पुढे प्युरिटनांचे (कडव्या प्रोटेस्टंटांचे) वर्चस्व असलेल्या संसदेने १६४७ मध्ये हा सणच रद्द केला. दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आल्यावर तो परतला.

झाड आले जर्मनीतून, सुनांच्या आणि जावयांच्या हातून. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्सची. तिने डिसेंबर १८०० मध्ये लंडनजवळच्या विंडसरला मुलांसाठी एक यू नावाचा सदाहरित वृक्ष मांडला. त्यावर मेणबत्त्या, खेळणी, फळे आणि कागदात बांधलेले बदाम-मनुके होते. श्रेय मात्र बहुतेकदा व्हिक्टोरियाचा जर्मन पती ॲल्बर्ट याला दिले जाते. ते पूर्ण चूक नाही. झाड घरोघरी पोचवले ते १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने छापलेल्या, झाडाभोवती जमलेल्या या कुटुंबाच्या चित्राने. १८५० मध्ये एका अमेरिकी मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि ॲल्बर्टच्या मिशा काढून छापले, आणि ते तिकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे झाले!

१४ डिसेंबर १८६१ रोजी ॲल्बर्ट वारला. त्यानंतर व्हिक्टोरिया नाताळ बहुधा आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बर्न हाउसमध्ये काढी. तिथला भारतीय शैलीचा दरबार हॉल भाई रामसिंग आणि जॉन लॉकवुड किपलिंग यांनी घडवला. हे किपलिंग आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. रुडयार्ड हा त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा.

राजाच्या पहिल्या नाताळ भाषणाचे शब्द या रुडयार्ड किपलिंगचेच. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांचा आग्रह होता. पंचम जॉर्जला मात्र रेडिओवर बोलायची हौस नव्हती. साम्राज्यासाठीची लघुलहरी (शॉर्टवेव्ह) रेडिओ सेवा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच २५ डिसेंबर १९३२ रोजी त्याने नॉरफोकमधल्या सँड्रिंगमहून भाषण केले. कागदांची सळसळ ऐकू जाऊ नये म्हणून टेबलावर जाड कापड अंथरले होते. दुपारी तीनची वेळ ठरली, कारण त्या वेळी वसाहतींपैकी जास्तीत जास्त ठिकाणी प्रक्षेपण पोचत असे. साम्राज्य सरले तरी ती वेळ टिकून आहे.

प्रथा मात्र लगेच रुजली नाही. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, त्या नाताळात भाषण झालेच नाही. १९३८ मध्येही नाही. बोलताना अडखळणाऱ्या सहाव्या जॉर्जने १९३९ पासून युद्धकाळात ते दरवर्षी केले, आणि तेव्हाच त्याला नियमितपणा आला. दुसऱ्या एलिझाबेथचे १९५७ चे भाषण पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दिसले. १९६९ मध्ये राजघराण्यावरचा माहितीपट नुकताच दाखवला गेल्याने तिने केवळ लेखी संदेश दिला.

सँड्रिंगमची मालमत्ता घराण्याकडे १८६२ मध्ये आली. १९६० च्या दशकापासून नाताळ बराच काळ विंडसरला होई. १९८८ मध्ये तिथे वीजतारा बदलण्याचे काम निघाल्यावर कुटुंब पुन्हा सँड्रिंगमला जाऊ लागले. भेटी तिथे आजही जर्मन रीतीने २४ तारखेलाच उघडतात. कोविडमुळे २०२० व २०२१ मध्ये राणी विंडसरलाच राहिली. २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने सँड्रिंगमचा क्रम पुन्हा सुरू केला.